जंतू गेला तरी शेरा राहतो: जठराचा जुना दाह आणि कॅन्सरचा धोका

जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००८ ते २०१७ या काळात जगभरात जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख जणांना आयुष्यात कधी तरी जठराचा कॅन्सर होईल, असा त्यातला अंदाज आहे. आहे ती परिस्थिती तशीच राहिली तर. यातल्या ७६ टक्के कॅन्सरच्या मुळाशी एकच जिवाणू असेल, तो म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. आणि या रुग्णांपैकी जवळपास दोन तृतीयांश आशियातले असतील.

बातमी भारतातही बरीच फिरली. ती वाचून माझ्या ओळखीच्या माणसांनी जे प्रश्न विचारले, त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटला. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, जंतू गेल्याचं चाचणीत दिसलं, पोटही आता दुखत नाही, मग डॉक्टर काही वर्षांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायला का सांगतात? पैसे काढायला सांगत असतील अशी शंका लोक बोलून दाखवतात. खरं कारण वेगळं आहे. ते जठराच्या पेशींच्या आत आहे, आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत ते हळूहळू उलगडलं आहे.

ज्याला आपण पित्त म्हणतो

रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत पोटाच्या वरच्या भागातली कुठलीही तक्रार पित्ताच्या खात्यावर जाते. "पोटात जळजळता" म्हटलं की आमसुलाचं सार होतं, थंड दूध होतं, आणि मग मेडिकलमधून आणलेली सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी सुरू होते. ती कित्येकांची दहा-दहा वर्षं चालू असते. आम्ल कमी झालं की जळजळ थांबते, हे खरं. पण आम्ल जास्त होणं आणि जठराच्या अस्तराला दाह, म्हणजे आतून सूज, असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा लेख दुसरीबद्दल आहे. गंमत अशी नाही, काळजी अशी आहे की हा दाह बहुतेकांना जाणवतच नाही.

या दाहाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर हाच जिवाणू. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांच्या पोटात तो आहे आणि भारतात त्याचं प्रमाण त्याहूनही जास्त आढळतं. तो बहुधा लहानपणीच शिरतो, घरातल्याच माणसांकडून, तोंडावाटे किंवा दूषित पाण्या-अन्नातून. जठरातल्या आम्लात एरवी जंतू टिकत नाहीत, पण हा टिकतो. तो युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारून टाकतो.

त्याच्या याच सवयीवर एक साधी चाचणी उभी आहे. एंडोस्कोपी, म्हणजे ती दुर्बिणीची तपासणी, करताना डॉक्टर जठराच्या अस्तराचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा चिमट्याने काढतात आणि छोट्या पट्टीवरच्या पिवळ्या जेलमध्ये टोचून ठेवतात. जेलमध्ये युरिया असतो. तुकड्यात जिवाणू असला तर अमोनिया तयार होतो आणि पिवळा रंग कडेकडेने गुलाबी होत जातो. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी.

पोटात जंतू राहूच शकत नाही, असं वैद्यकशास्त्र १९८० पर्यंत जवळजवळ ठामपणे मानत होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी ते खोटं ठरवलं. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये या जिवाणूंचं द्रावण स्वतः प्यायलं आणि त्यांच्या जठराला दाह झाला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने या जिवाणूला कॅन्सरच्या सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. २००५ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

जिवाणू जठरातल्या चिकट थरात लपून राहतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला हुसकायला येतात, हुसकू शकत नाहीत, आणि मागेही हटत नाहीत. हा झगडा वीस, तीस, चाळीस वर्षं चालतो. त्यात अस्तर विरळ होतं, आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी नाहीशा होतात, काही जणांच्या जठरात चक्क आतड्याच्या धाटणीच्या पेशी उगवतात, त्यांतल्या काही बिघडतात, आणि थोड्या जणांत शेवटी कॅन्सर होतो. हा क्रम पेलायो कोरेया या शास्त्रज्ञाने मांडला आणि आजही तो बहुतांशी ग्राह्य धरला जातो. प्रश्न असा की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पेशी जाते कशामुळे?

अक्षरं तीच, मग बिघडतं काय?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. सुमारे ३ अब्ज अक्षरं आणि त्यात साधारण २०,००० जनुकं. जनुक म्हणजे एखादं प्रथिन बनवण्याची सूचना. जठराच्या पेशीतही सगळ्या सूचना असतात आणि डोळ्याच्या पेशीतही. फरक पडतो तो कुठली सूचना चालू आहे आणि कुठली बंद आहे यामुळे.

बंद करण्याच्या पद्धतींपैकी एक म्हणजे मेथिलेशन. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा 'मेथिल' नावाचा छोटा गट डीएनएच्या 'सी' या अक्षराला चिकटतो, तेही बहुतेक वेळा त्याच्या पुढचं अक्षर 'जी' असेल तेव्हा. कित्येक जनुकांच्या तोंडाशी अशा 'सी-जी' जोड्या दाटीने असतात. निरोगी पेशीत ती जागा साधारणपणे मोकळी असते. ती मेथिल गटांनी भरून गेली की जनुक गप्प होतं. अक्षर मात्र एकही बदललेलं नसतं.

कोकणातल्या माणसाला सातबारा वेगळा समजावून सांगायला नको. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला की त्या जमिनीचं काय करता येईल ते बदलतं. मातीचा कणही हललेला नसतो. मेथिलेशन हा डीएनएवरचा असा शेरा आहे. डीएनएमधलं अक्षरच बदलणं, ज्याला उत्परिवर्तन म्हणतात, ती गोष्ट निराळी. तिथे हद्दच सरकलेली असते.

या शेऱ्यांचा एक गुण नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पेशीच्या दोन पेशी होताना डीएनएची नवी प्रत तयार होते. तेव्हा एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली कामं घडवणारं प्रथिन, जुन्या प्रतीवरचे मेथिल गट बघून नव्या प्रतीवर त्याच जागी उतरवतं. उतारा नव्याने काढला तरी बोजा त्यावर येतोच. म्हणजे एकदा पडलेला शेरा त्या पेशीच्या पुढच्या पिढ्यांत चालत राहतो.

शेरे मुळात वाईट नाहीत. गर्भात असताना कुठल्या पेशीने काय व्हायचं हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. नको त्या जनुकावर शेरा पडला की अडचण सुरू होते. जठराच्या कॅन्सरमध्ये अशी दोन जनुकं वारंवार गप्प झालेली दिसतात. एक आहे सीडीएच-१. त्याचं प्रथिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते नसलं की पेशी सुट्या होऊन आजूबाजूला घुसू शकतात. दुसरं एमएलएच-१, जे डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत आहे. ते बंद पडलं की चुका साचत जातात. इथे शेऱ्यामुळे हद्दी सरकायला सुरुवात होते, आणि मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

दाह हे शेरे मारतो कसा

या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम केलं ते टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या तोशिकाझू उशिजिमा यांच्या गटाने. २००६ मध्ये त्यांनी निरोगी माणसांच्या जठराचे नमुने तपासले, काहींच्या पोटात जिवाणू होता, काहींच्या नव्हता. जिवाणू असलेल्यांत मेथिलेशन कितीतरी जास्त निघालं. तपासलेल्या जनुकांनुसार ते ५ पटींपासून ३०० पटींपर्यंत होतं. लक्षात घ्या, या माणसांना कॅन्सर नव्हता. शेरे आधीच पडत होते.

मग शंका आली की हे जिवाणू स्वतः करतो की त्याने पेटवलेला दाह करतो? त्यासाठी मंगोलियन जर्बिल या उंदराच्या जातीच्या प्राण्यावर प्रयोग झाला. त्याच्या जठरात हा जिवाणू सहज वस्ती करतो. संसर्ग झालेल्या काही जर्बिलांना सायक्लोस्पोरिन दिलं. हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालतं, जिवाणू मारत नाही. जिवाणूंची संख्या कमी झाली नाही, पण दाह ओसरला आणि त्याबरोबर मेथिलेशनही थांबलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार देखणा वाटतो. एकाच फटक्यात गुन्हेगार कोण ते स्पष्ट झालं: जिवाणू निमित्त, शेरा मारणारा दाह.

पेशीत शेरा चढवणारी एन्झाइमं असतात आणि तो उतरवणारीही असतात. दोघांचं काम तोलून चालतं. २०२० मध्ये याच गटाने दाखवलं की जुन्या दाहात हा तोल दोन्हीकडून बिघडतो. दाहाच्या रासायनिक संदेशांमुळे शेरा उतरवणारी एन्झाइमं कमी होतात, आणि दाहात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शेरा चढवणाऱ्या एन्झाइमांचा जोर वाढवतो. नुसतं एक झालं तर फारसं नुकसान होत नाही. दोन्ही एकदम झालं की शेऱ्यांचा ढीग लागतो.

जंतू गेला की शेरे पुसले जातात का?

काही जातात, काही राहतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांत झडतात आणि नव्या येतात. त्यांच्यावरचे शेरे त्यांच्याबरोबर जातात. म्हणून जिवाणू घालवला की मेथिलेशनची एकूण पातळी घसरते. पण ग्रंथींच्या आत खोलवर मूळ पेशी असतात, ज्या आयुष्यभर नव्या पेशींना जन्म देत राहतात. शेरा मूळ पेशीवर पडला असेल, तर तिच्यापासून होणारी प्रत्येक पेशी तो घेऊनच येते. कर्ज फेडलं म्हणून बोजा आपोआप कमी होत नाही, हे सोसायटीत खेपा घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि इथे तर बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायला कचेरीही नाही.

२००६ च्या त्याच अभ्यासात एक गोष्ट आणखी दिसली होती. ज्यांच्या पोटात आता जिवाणू नव्हता अशांमध्ये, कॅन्सर झालेल्यांच्या जठराच्या साध्या दिसणाऱ्या अस्तरातसुद्धा निरोगी माणसांपेक्षा मेथिलेशन जास्त होतं. दुर्बिणीतून गुलाबी आणि गुळगुळीत दिसणारी ती जागा खरं तर शेऱ्यांनी भरलेली होती. जठराचा एखादा ठिपका नाही, मोठा पट्टाच्या पट्टा असा तयार होऊन बसलेला असू शकतो, आणि त्यात पुढे कुठेही गाठ उगवू शकते.

म्हणून ज्यांच्या जठराचं बरंच नुकसान झालं आहे, त्यांना जिवाणू गेल्यावरही डॉक्टर बोलावतात.

ही नुसती खूण आहे की खरंच कारण आहे?

ही शंका शास्त्रज्ञांनी स्वतःच काढली होती, आणि ती रास्त आहे. दाहात मेथिल गट बसलेली बहुतेक जनुकं अशी निघाली की जठरात ती तशीही फारशी चालू नव्हती. तिथला शेरा म्हणजे पडीक कातळावरचा बोजा. त्याने व्यवहार अडत नाही. मोजक्या जनुकांवरचा शेरा मात्र खरोखर घातक.

तरीही निरुपद्रवी शेरे उपयोगी पडतात, कारण त्यांच्या संख्येवरून जठराने किती वर्षं किती दाह सोसला याचा हिशेब लागतो. आणि मेथिलेशन कारणांपैकी एक आहे याला प्राण्यांतला पुरावा मिळाला. कॅन्सर होईल अशी व्यवस्था केलेल्या जर्बिलांना मेथिलेशन कमी करणारं औषध दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मग हेच औषध माणसाला का देत नाहीत? या वर्गातली औषधं रक्ताच्या काही आजारांत वापरली जातात, पण ती जड आहेत. रक्तपेशी घटतात, संसर्ग होतात. शिवाय ती निवडून शेरे पुसत नाहीत, हवे तेही पुसतात. धडधाकट माणसाला कॅन्सर होऊ नये म्हणून ती द्यावीत, अशी स्थिती आज नाही.

"पोटात जंतू तर सगळ्यांच्याच, मग कॅन्सर सगळ्यांना का होत नाही?"

कारण संसर्ग ते कॅन्सर हा रस्ता लांब आहे आणि बहुतेक जण मध्येच थांबतात. जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला. जिवाणू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना, म्हणजे २.९ टक्क्यांना जठराचा कॅन्सर झाला. जिवाणू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिल्याने धीर येतो, दुसऱ्याने जिवाणूचं वजन कळतं.

जपान, कोरिया या देशांच्या मानाने भारतात जठराचा कॅन्सर कमी आढळतो, जिवाणू एवढा पसरलेला असूनही. जिवाणूचे वाण वेगळे असतात. पूर्व आशियातल्या वाणांचं एक प्रथिन जास्त आक्रमक असतं. आहार, तंबाखू, माणसाची स्वतःची जनुकं यांचाही हात असतो. भारतातसुद्धा सगळीकडे चित्र सारखं नाही. मिझोराममध्ये जठराचा कॅन्सर देशात सर्वांत जास्त आहे, आणि तिथे धुरावलेलं मांस व तंबाखूच्या धुराचं पाणी वापरण्याची सवय यांच्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे.

म्हणून कोकणात कोणाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर झोप उडवून घेण्याचं कारण नाही. दुर्लक्ष करण्याचंही नाही.

सुक्या मासळीचं काय?

हा प्रश्न येणारच. आगोटीची बेगमी म्हणून सुकट, सोडे, सुके बोंबील आणि खारा बांगडा भरून ठेवल्याशिवाय किनाऱ्यावरच्या घराचा पावसाळा जात नाही. त्यातही फरक करायला हवा. वलांडीवर टांगून उन्हावाऱ्यात कडक केलेला बोंबील बहुधा मिठाशिवायच सुकतो. बांगडा मात्र चिरून, पोटात मीठ भरून, मिठाच्या थरात मुरवलेला असतो. तोंडात घातल्यावर कळतोच.

मीठ घालून टिकवलेल्या पदार्थांनी जठराच्या कॅन्सरचा धोका बहुधा वाढतो, असं जागतिक पातळीवरच्या आहार अभ्यासांचं मत आहे. पण मेथिलेशनच्या बाबतीत जर्बिलांनी एक अनपेक्षित उत्तर दिलं. नुसतं तीव्र मीठ किंवा अल्कोहोल पाजून त्यांच्या जठराला इजा केली, पेशी भराभर वाढायला लावल्या, तरी शेरे पडले नाहीत. जिवाणूने पेटवलेल्या दाहातच ते पडले. म्हणजे दाह म्हटला की सगळा एकच नसतो. इथून मी असं समजतो की मिठाचा त्रास जिवाणूला साथ देण्यात आहे. जर्बिलांत संसर्ग आणि खारट अन्न दोन्ही एकत्र आले की कॅन्सर वाढतो, हे प्रयोगांत दिसलंच आहे.

तेव्हा बांगडा घरातून हद्दपार करायची गरज मला दिसत नाही. तो रोज न खाता अधूनमधून खावा, शिजवण्याआधी पाण्यात ठेवून दोनदा पाणी टाकावं, आणि त्याच पानात खारातली कैरी आणि लोणचं वाढू नये. 'खारी मासळी कॅन्सरकारक' असे जे संदेश फिरतात त्यांचा उगम चिनी पद्धतीच्या खाऱ्या मासळीत आहे. तिचा सिद्ध झालेला संबंध नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी आहे आणि ती बनवण्याची रीतही वेगळी आहे. बिडी-सिगरेटबद्दल मात्र कसलाही किंतु नाही. धूम्रपानाने जठराचा कॅन्सर वाढतो हे सिद्ध आहे.

सोलकढी आणि आमसुलाने बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. पण ते या जंतूवरचं औषध नव्हे.

हे शेरे मुलांना वारशात मिळतात का?

जठरात दाहामुळे पडलेले शेरे जठराच्याच पेशींत राहतात. ते बीजांडात किंवा शुक्रपेशीत जात नाहीत, त्यामुळे मुलांकडे उतरत नाहीत. एका घरात दोघा-तिघांना हा आजार दिसतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकत्र राहण्यात असतं: तोच जिवाणू आईकडून मुलांना, तेच जेवण, तोच तंबाखू.

खरा आनुवंशिक प्रकार आहे, पण विरळ. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरने जात होती. त्यांच्यात सीडीएच-१ जनुकातच बिघाड असल्याचं १९९८ मध्ये कळलं. अशा माणसांत या जनुकाच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासून निकामी असते, आणि दुसरी प्रत बऱ्याचदा मेथिलेशननेच बंद पडते. घरात पन्नाशीच्या आत दोघांना जठराचा कॅन्सर झाला असेल तर ही शक्यता डॉक्टरांना विचारावी.

शेरे मोजण्याची चाचणी मिळते का?

जपानमध्ये या दिशेने चांगलं काम झालं आहे. तिथे सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतूनच खरवडून काढतात, जठर जागेवर राहतं, आणि मग त्याच जठरात दुसरीकडे नवा कॅन्सर होण्याची भीती असते. अशा सुमारे ८०० रुग्णांवर अनेक रुग्णालयांत मिळून एक अभ्यास झाला. साध्या अस्तरातल्या तीन जनुकांचं मेथिलेशन मोजून ठेवलं आणि वाट बघितली. त्यातल्या एका जनुकावर सर्वांत जास्त शेरे असलेल्या गटात नवा कॅन्सर होण्याचा धोका सर्वांत कमी शेरे असलेल्या गटाच्या दुपटीहून जास्त निघाला.

आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात अशी चाचणी रोजच्या वापरात नाही. कोणी भरमसाट पैसे घेऊन 'जीन टेस्ट' विकत असेल तर घाई करू नये. बायॉप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, साधा रिपोर्ट आज जास्त कामाचा आहे. त्यात 'ॲट्रोफी' म्हणजे अस्तर विरळ झालेलं, किंवा 'इंटेस्टिनल मेटाप्लासिया' म्हणजे आतड्यासारख्या पेशी, यापैकी काही लिहिलं आहे का ते बघा. हे बदल जठरभर पसरलेले असतील तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी, असं युरोपातल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक सूचना सांगते. तो रिपोर्ट आणि त्याची झेरॉक्स दोन्ही सांभाळा. वेंगुर्ल्याचा माणूस बांबोळीच्या रुग्णालयात गेला काय किंवा दापोलीचा परळच्या रुग्णालयात गेला काय, नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मग करायचं काय

वर्षानुवर्षं पित्ताची गोळी चालू असेल तर एकदा जिवाणूची चाचणी करून घ्यावी, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. सगळ्यांना एंडोस्कोपी लागत नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणीही होते. त्याआधी ही आम्लाची गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविक चार आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. रक्ताच्या चाचणीत जुना संसर्ग आणि चालू संसर्ग यांतला फरक कळत नाही.

वजन उतरत असेल, घास अडकत असेल, उलट्या थांबत नसतील, रक्त कमी झालं असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर मात्र थेट एंडोस्कोपी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच पोटाची अशी तक्रार सुरू झाली तरीही थांबू नये.

जिवाणूवरचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा असतो, गोळ्या मूठभर असतात, तोंड कडू पडतं. लोक सहाव्या-सातव्या दिवशी सोडून देतात. घरी गणपती आले, पाहुणे आले, राहिल्या गोळ्या. भारतात या जिवाणूवर क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधं आधीच बऱ्याच ठिकाणी चालेनाशी झाली आहेत, आणि अर्धवट कोर्सने त्यात भर पडते. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही हे पुन्हा तपासायलाच हवं.

औषध लवकर घेतलं तर फायदा जास्त, कारण मूळ पेशींवर शेरे साचण्याआधीच दाह थांबतो. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून अख्ख्या लोकवस्तीची तपासणी करून औषधं दिली. संसर्ग ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला आणि जठराच्या कॅन्सरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटलं. शून्यावर नाही आलं. उरलेल्यांपैकी अनेकांना औषध मिळालं तेव्हा उशीर झालेला असणार.

ज्या घरात कोणाला जठराचा कॅन्सर झाला आहे, त्या घरातल्या सख्ख्या भावंडांनी आणि मोठ्या मुलांनी तर वाट बघूच नये. कोरियात रुग्णांच्या ४० ते ६५ वयाच्या अशाच नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवल्यावर, ज्यांच्या पोटातला जिवाणू खरोखर गेला होता त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण ०.८ टक्के होतं, आणि ज्यांच्यात तो राहिला होता त्यांच्यात २.९ टक्के.